काठावरच्या बाई

बाईंच्या काळ्या छत्रीला बांगडीएवढं एक भोक होतं, आणि ते बाईंनी स्वतः कात्रीनं पाडलेलं होतं. धरणाच्या काठावर बसलं की छत्री उघडून समोर आडवी धरायची, भोकाला दुर्बीण लावायची आणि पाण्याकडं बघत राहायचं. पाण्यातल्या पक्ष्यांना समोर एक काळं झुडूप दिसत असावं. गावातल्या लोकांना मात्र छत्रीमागं दडलेली हायस्कूलची मराठीची बाई दिसायची आणि ते हसायचे.

"हसू दे गं," बाई म्हणायच्या. "बदकं हसत न्हाईत तवर चालतंय."

मी मूळची मुरुमची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक परंडा तालुक्यातल्या त्या गावात झाली तेव्हा मला खोली मिळत नव्हती. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायची म्हटलं की लोक आधी वडिलांचं नाव विचारायचे, मग जात विचारायचे आणि मग विचार करून सांगतो म्हणायचे. शाळेच्या शिपायानं सांगितलं, "मराठीच्या बाईंकडं समोरची खोली रिकामी हाय. पण त्या परीक्षा घेत्यात."

परीक्षा अशी होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाई मला त्यांच्या स्कूटीवर बसवून धरणावर घेऊन गेल्या. डिसेंबरचे दिवस, दात वाजत होते. धरणाचं पाणी मागं पसरतं त्या फुगवट्याच्या काठाला त्यांनी मला एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, स्वतः दगडावर बसल्या आणि छत्री उघडली. काय करायचं, कशासाठी आलोय, काहीच सांगितलं नाही. विचारायची मला भीती वाटली, म्हणून मी गप्प बसून राहिले. ऊन वर आलं, पाठ तापायला लागली, पाण्यावरचं धुकं विरलं आणि मग दिसलं की मी ज्याला पाण्यातला गाळ समजत होते ती सगळी बदकं होती. गाळ हळूहळू इकडून तिकडं सरकत होता.

छत्री मिटून बाई म्हणाल्या, "तू बोलली न्हाईस."

"काय बोलावं ते कळेना, बाई."

"तेच पायजे. संध्याकाळी सामान आण."

बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली होती. गावाच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढच्या अंगाला माझी खोली. वडिलांची जमीन धरणाच्या फुगवट्याला लागून होती. धाकटा भाऊ ती कसायचा. बाईंचा वाटाही त्यातच होता, पण त्यांनी तो कधी वेगळा मागितला नव्हता.

दिवाळी झाली की बाई लग्नाची निमंत्रणं घ्यायच्या, पण जायच्या कुठंच नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "घरी पाहुणे हायत." होळीपर्यंत हे एकच उत्तर. लोकांना आधी वाटायचं, एवढ्याशा घरात चार महिने पाहुणे राहतात तरी कुठं? बाईंचे पाहुणे धरणावर उतरलेले असायचे. चक्रवाक आले की "लडाखवाले आले" म्हणायच्या. पट्टकदंब, म्हणजे रानहंस, हिमालयावरून उडत येतात, म्हणून त्यांचा मान मोठा. त्यांच्याबद्दल बोलताना बाई अहोजाहो करायच्या. "काल रात्री उतरले वाटतं. दमलेले दिसत्यात. आज त्यांच्याकडं जाऊ नको, बसू दे निवांत."

हिवाळ्यात त्यांच्या अंगावर फक्त मातकट रंगाच्या साड्या असायच्या. शाळेच्या स्नेहसंमेलनालासुद्धा. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "बाई, आज तरी जरा चांगलं नेसायचं." बाई म्हणाल्या, "इथून थेट काठावर जायचंय सर. तुमच्या कार्यक्रमासाठी थापट्या का उडवून लावू?" थापट्या म्हणजे फावड्यासारख्या चोचीचं बदक, हे मुख्याध्यापकांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्यालाच काहीतरी म्हटलंय.

वर्गात शिकवताना खिडकीबाहेरून काही उडत गेलं की बाई वाक्य अर्धं सोडायच्या. हात वर करायच्या, खिडकीशी जायच्या आणि पक्षी दिसेनासा होईपर्यंत तिथंच थांबायच्या. पोरांनी हे बरोबर हेरलं होतं. प्रयोग विचारायला लागल्या की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "बाई, भोवत्या!" ससाण्यासारखा हा पक्षी थंडीत माळावरून खालूनच तरंगत जातो. बाई खिडकीकडं धावायच्या. आकाश रिकामं असायचं. "गेला वाटतं," म्हणून परत यायच्या, आणि कर्मणी प्रयोग राहून जायचा.

पण पाण्यापाशी कुणी गडबड केली की याच बाई वेगळ्या व्हायच्या. आवाज चढायचा, शब्दांवर ताबा राहायचा नाही. फोटो काढायला आलेल्या पोरांना त्या पिटाळून लावायच्या, धुणं धुणाऱ्या बायकांना "तिकडं व्हा" म्हणायच्या. बायका मुकाट्यानं उठायच्या, कारण त्यांची पोरं बाईंच्या वर्गात असायची.

एकदा जानेवारीत शाळेची सहल कोकणात गेली होती. आमच्या पोरांनी स्वेटर, कानटोप्या सगळं बरोबर घेतलेलं, आणि तिथं पहाटेसुद्धा घाम. पोरं स्वेटर कमरेला बांधून हिंडत होती. पहिल्याच सकाळी, सगळे अंथरुणात असताना, बाईंनी पोरांना उठवलं आणि ओहोटीच्या वाळूवर नेलं. ओल्या वाळूत चिलखे, म्हणजे चिमणीएवढे पाणपक्षी, पळत होते, लाट आली की मागं, लाट गेली की पुढं. लांब कुरवांचा मोठा थवा बसलेला होता. बाई बघत राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याकडचेच! धरणावर येत्यात की." परमुलखात गावाकडचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. समुद्र त्या पहिल्यांदा बघत होत्या, पण समुद्राबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

तेवढ्यात एक घोडागाडीवाला गिऱ्हाइकाच्या शोधात त्या बाजूनं आला आणि सगळा थवा उडाला. बाई त्याच्यावर अशा तुटून पडल्या की पोरं गप्प झाली. "डोळे फुटले काय तुझे? दिसत न्हाई व्हय?" गाडीवाला कोवळा होता, जेमतेम विशीचा. तो म्हणाला, "मावशी, रोजचाच रस्ता आहे माझा." बाईंनी ऐकूनच घेतलं नाही. मला त्या दिवशी फार लाज वाटली. मी पोरांना घेऊन पुढं चालत राहिले, जणू या बाई आमच्याबरोबरच्या नाहीत. बस सुटायला उशीर झाला, मुख्याध्यापक देवळाची वेळ चुकली म्हणून चिडले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "देऊळ दुपारी बी तिथंच असतंय सर. भरती आल्यावर हे सगळे उठून जाणार." त्यावर सगळे हसले. घोडागाडीवाल्याचं कुणालाच आठवलं नाही.

धरणावर बाईंचा असाच एक ठरलेला शत्रू होता. दर हिवाळ्यात एक मेंढपाळ बायको-मेंढरांसह फुगवट्याच्या काठाला उतरायचा. लाल फेटा, खांद्यावर घोंगडं. त्याच्याबरोबर दोन मोठी कुत्री. कुत्री पाण्यात शिरायची, पक्षी उठायचे आणि बाई छत्री उगारून जायच्या.

"कुत्री बांध तुझी!"

"बांधली तर लांडगं कोन हाकलील, बाई?"

"मग दुसरीकडं जा."

"पानी हिकडंच हाय की. मेंढरं काय हवा पितील?"

एकदा तो वैतागून म्हणाला होता, "पानी काय तुमच्या वाडवडलांचं हाय का?" बाईंनी ते मनात धरलं होतं. जमीन वाडवडिलांचीच होती, म्हणून जास्त झोंबलं असावं.

मग एका वर्षी करकोचे आले. पूर्वी येत असत असं बाई सांगायच्या, पण मी तिथं आल्यापासून एकदाही आले नव्हते. राखी अंगाचे, कानामागं पांढरी शेंडी असलेले उंच पक्षी. आकाशात त्यांचा आवाज आधी ऐकू आला आणि बाई भाकरी थापता थापता तशाच, पिठाच्या हातांनी अंगणात आल्या. मोठी रांग धरणाकडं उतरत होती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पिठाच्या हातांनी ते पुसता येत नव्हतं.

पुढचे काही दिवस त्या शाळेत जेमतेम असायच्या. करकोचे रात्री पाण्यात उभे राहायचे, दिवसा शेतांत उतरायचे. ज्वारी, हरभरा, काय मिळेल ते. शेतकरी कुरकुरत होते. बाई म्हणायच्या, "चार दिसांचे पाहुणे. खाऊन खाऊन किती खातील?"

मग एका सकाळी आम्ही काठावर गेलो तर ते पडलेले होते. फुगवट्याच्या चिखलात, बांधाच्या कडेला, पंख पसरून. काही अजून मान हलवत होते. आणि त्यांच्यामधून तो मेंढपाळ चालला होता, एका करकोच्याला पायाला धरून ओढत. पुढं त्यानं खड्डा खणलेला दिसत होता.

बाई धावल्या. स्टूल पडलं, छत्री पडली. मी मागोमाग.

"काय केलंस? काय घातलंस त्यांना?"

"म्या कुठं काय केलं? मरूनशान पडल्यात. पुरतुया. कुत्री खात्याल आन् मरत्याल म्हनून पुरतुया."

"खोटं बोलू नको! पुरावा लपवतोस व्हय?"

तो काहीतरी सांगत होता, हातानं शेताकडं दाखवत होता. बाईंचा आवाज त्याच्या आवाजावर होता. आजूबाजूच्या रानातली माणसं गोळा झाली. बाईंनी वनखात्याला फोन केला. त्यांची माणसं येईपर्यंत त्यांनी त्याला हलू दिलं नाही. मग त्याला गावातल्या स्टँडजवळ आणलं, तिथं अर्धं गाव जमलं आणि बाईंनी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं की यानंच विष घातलंय, पक्ष्यांवर याचा डोळा आधीपासून होता, याची धमकी मी स्वतः ऐकलीय. धमकी म्हणजे ते पाण्याचं वाक्य.

वनखात्याच्या माणसानं विचारलं, "नाव काय याचं?"

बाई बोलायचं थांबल्या. इतकी वर्षं तो दर हिवाळ्यात समोर होता. शेवटी त्या म्हणाल्या, "तो मेंढका."

त्याला गाडीत बसवून नेलं. त्याची बायको मागं थोडी पळाली, मग मेंढरं आठवली असावीत, म्हणून वळली. वनखात्यानं बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी एका करकोच्याची गळ्याखालची पिशवी चिरून दाखवली. आत ज्वारीचे दाणे होते, गुलाबी झालेले. औषध लावलेलं बियाणं तसं दिसतं. त्या दाण्यांकडं बघत बाई म्हणाल्या, "बघ, किती विचार करून केलंय मेल्यानं."

ज्याचं शेतच नाही त्याच्याकडं पेरणीचं बियाणं कुठून आलं, हा प्रश्न तिथं कुणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि बाईंच्या भावाकडं हुरड्याचं आधीच ठरलेलं होतं. बाई जायला तयार नव्हत्या, पण भाऊ घ्यायला आला. "अक्का, माणसं बोलावलीत. तू न्हाई आलीस तर बरं दिसत न्हाई." आम्ही स्कूटीवर त्याच्यामागं गेलो. रानात आगटी पेटलेली होती, लसणाची चटणी, दही, गूळ सगळं मांडलेलं. पाहुणे बाईंना करकोच्यांचं विचारत होते आणि बाई सांगत होत्या. सांगताना कालच्यापेक्षा त्यात थोडी भर पडत होती. भाऊ कणसं फिरवत होता, वर बघत नव्हता. वहिनी पाणी आणायच्या निमित्तानं उठल्या आणि लवकर आल्या नाहीत.

तेवढ्यात मेंढपाळाची बायको बांधावरून पळत आली. पदर सुटलेला, पायात काही नाही.

"मालक, तुमच्या रानात मेंढरं लोळायला लागली वो! तोंडाला फेस आलाय!"

बाईंचे पहिले शब्द होते, "लोकांच्या रानात मेंढरं सोडलीसच कशी?"

ती बाई थांबली. तिला धाप लागली होती. "एकली हाय म्या. धनी तिकडं न्हेलाय. म्होरं पळू का मागं पळू?"

बाई उठल्या. मी त्यांच्यामागं गेले. हरभऱ्याच्या कडेला पाच-सहा मेंढ्या पडल्या होत्या, पाय झाडत. एक गाभण होती. तिच्या तोंडाजवळ मातीत गुलाबी दाणे विखुरलेले होते. बांधाच्या कडेनं, जिथवर नजर जात होती तिथवर ते होते.

बाईंनी वाकून थोडे दाणे उचलले. मग आगटीपाशी परत आल्या आणि तो हात भावापुढं धरला.

"आप्पा, हे काय हाय?"

"अक्का, बस. हुरडा गार हुतोय."

"हे काय हाय म्हणते मी."

भावानं इकडंतिकडं पाहिलं. "पाखरं सगळा हरभरा उपटत्यात. सगळेच टाकत्यात गं. तुला सांगून तू टाकू दिलं असतंस का?"

"काल मी त्या माणसाला नेऊ दिलं. तू तिथं हुतास. स्टँडवर तू माझ्या मागं उभा हुतास."

"सोडतील की त्येला. भटका माणूस, त्येला काय फरक पडतोय? माझं नाव निघालं तर केस हुईल. पोरीचं लग्न जमवायचंय, अक्का."

वहिनी परत आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "घरची गोष्ट हाय वन्सं. घरात राहू द्या."

पाहुणे कणसांकडं बघत होते. बाईंनी दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ."

रस्ताभर त्या माझ्या मागं बसून होत्या. गाव लागायच्या आधी एकदाच बोलल्या.

"काल मी लई जोरात बोलले का गं?"

"हो, बाई."

"सगळ्यांनी ऐकलं असंल."

"हो."

वनखात्याच्या ऑफिसात त्यांनी दाणे टेबलावर सोडले, भावाचं नाव सांगितलं आणि त्याच्या नावापुढं, न विचारता, "त्या जमिनीत माझा बी वाटा हाय, माझं बी नाव लिहा," असं म्हणाल्या. मेंढपाळाला संध्याकाळी सोडलं. तो बाहेर आला तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. तो त्यांच्याकडं न बघता गेला. उरलेली मेंढरं घेऊन ती दोघं पहाटेच निघून गेली.

सोमवारी शाळेत प्रार्थना झाली, पहिला तास सुरू झाला आणि बाईंचा वर्ग रिकामा होता. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होते. देवळाचा भोंगा खरखरला. पाणीपट्टी भरा, डॉक्टर येणार आहेत, असं सांगायला तो वाजायचा. भोंग्यातून बाईंचा आवाज आला.

"मी हायस्कूलची मराठीची बाई बोलतीय. परवा मी स्टँडवर सगळ्यांसमोर एका मेंढपाळावर आळ घेतला. तो खोटा हुता. करकोच्यांना विष त्यानं घातलं न्हाई. ते विष माझ्या भावाच्या रानात, माझ्या वाट्याच्या रानात टाकलेलं हुतं. तो माणूस खरं सांगत हुता, मी ऐकलं न्हाई. त्याची मेंढरं मेली ती माझ्यामुळं. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकलं त्यांनी हे बी ऐकावं."

मध्ये वीज गेली आणि आवाज तुटला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण वीज आली आणि बाईंनी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्याच शब्दांत. माझ्या हातात खडू होता. पोरं माझ्याकडं बघत नव्हती, बाकाकडं बघत होती. मागच्या बाकावरचा, भोवत्याची हूल देणारा पोरगासुद्धा मान खाली घालून बसला होता. माझ्या मनात एकच होतं, बाई, पुरे, आता थांबा. दुसऱ्याची लाज अशी भोंग्यातून ऐकणं फार कठीण असतं. कान झाकता येत नाहीत, कारण समोर पोरं असतात.

स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "बोलायचं ते बोला, पण शाळेचं नाव कशाला घ्यायचं?"

बाईंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्या मेंढपाळाचा माग काढत राहिल्या. स्टँडवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरना विचारायच्या, लाल फेटेवाला मेंढका दिसला का, बरोबर दोन कुत्री. एका कंडक्टरनं सांगितलं, येरमाळ्याच्या अलीकडं पडीक रानात मेंढरांचा वाडा उतरलाय. आम्ही सुट्टीच्या दिवशी बसनं गेलो. हायवेवर उतरलो, हॉटेलांच्या मागून चालत गेलो. ट्रकांचा आवाज तिथवर येत होता.

कुत्र्यांनी बाईंना ओळखलं. भुंकली नाहीत, जवळ येऊन हुंगून गेली. तो मेंढरांभोवती लावायचं जाळं विणत बसला होता. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं बसा म्हटलं नाही आणि बाई बसल्या नाहीत. मी त्यांच्या मागं उभी होते आणि माझे हात कुठं ठेवावेत मला समजत नव्हतं.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

तो विणत राहिला.

"गावात भोंग्यावरून सांगितलंय मी. सगळ्यांना."

"आमी कुठं हुतो ऐकाया," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "जे नुकसान झालं ते मी भरून देते."

"गाभनी व्हत्या त्यातल्या. त्या कशा भरून देता?"

"तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं. त्या पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणाल्या.

तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "आता कशापायी? तिकडं लिवून घेतलंय त्यांनी. तितनं घ्या."

त्याच्या बायकोनं तांब्या भरून आणला. बाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला, थोडं प्यायल्या, बाकीचं पाणी हातावर सांडलं. ती बाई रागावलेली दिसत नव्हती. दमलेली दिसत होती.

"बाई," ती म्हणाली, "त्या दिशी त्यो बोलत व्हता. समदं सांगत व्हता, रानाकडं हात करून. तुमी जरा दमानं घेतलं असतं तर ऐकू आलं असतं."

बाईंनी मान हलवली. मी बोलले नाही म्हणून ज्या बाईंनी मला खोली दिली होती, त्यांना हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत होतं. परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसल्या, पण बाहेर एकदाही बघितलं नाही. वाटेतल्या तारांवर नीलपंख बसलेले मला दिसले. मी दाखवले नाहीत.

भावावर केस झाली. भाचीचं लग्न पुढं जमलं, पण पत्रिका बाईंना आली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला बाई दार उघडं टाकून पुस्तक वाचत बसल्या होत्या, आणि संध्याकाळी त्यांनी ते लावून घेतलं. गावातल्या बायका काठावर धुणं धुवायला पुन्हा पहिल्या जागी बसायला लागल्या. बाई त्यांना उठवेनात. एखाद्या कुत्र्यानं बदकं उठवली तरी त्या छत्री खाली ठेवून नुसत्या बघत राहायच्या. वर्गात "बाई, भोवत्या!" असं आता कुणी ओरडत नव्हतं, आणि कर्मणी प्रयोग वेळेवर पूर्ण होत होता.

नंतर माझी बदली उमरगा तालुक्यात झाली. मी घरी, मुरुमला आले. बाई निवृत्त झाल्या. फोनवर बोलणं व्हायचं. पक्ष्यांबद्दल मी विचारलं तर सांगायच्या, पण आपणहून नाही.

गेल्या जानेवारीत मी त्यांच्याकडं गेले होते. थकल्यात आता. तरी पहाटे उठून तयार होत्या, तीच मातकट साडी. आम्ही रिक्षानं धरणावर गेलो. काठ तोच होता, पाणी थोडं खाली गेलं होतं, आणि त्यात रोहित पक्षी उतरलेले होते. इतके की पाण्याचा एक भाग गुलाबी दिसत होता. मी बघतच राहिले. "बाई, बघा तरी!" म्हणून वळले तर बाई माझ्या शेजारी नव्हत्या.

त्या मागं, बांधाच्या पलीकडच्या उतारावर बसल्या होत्या. पाण्याकडं पाठ होती त्यांची. समोर कच्चा रस्ता होता, परंड्याकडून येणारा. दुर्बीण त्या रस्त्याला लावलेली होती. रिक्षावाला मला हळूच म्हणाला, "रोज हितंच बसत्यात. मेंढरं येत्यात का बघत्यात. पर ती दुसरीकडनं जात्यात आता, हिकडं उतरत न्हाईत."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मागं पाण्यात रोहितांची कलकल चालली होती. बऱ्याच वेळानं रस्त्यावर लांब धूळ उठली. बाईंनी दुर्बीण घट्ट धरली. धूळ जवळ येत गेली, रुंद होत गेली, आणि बाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. केसांवरून हात फिरवला.

वळणावरून ट्रॅक्टर बाहेर आला, मागं दोन ट्रॉल्या.

"ऊस हाय," बाई म्हणाल्या आणि परत खाली बसल्या.